फळाची वाढ आणि वाढीचा वक्र : एक चिकित्सा

१

झाडावरील फळाचा व्यास ठरावीक दिवसांनी मोजावा, ती मापे काळाच्या अक्षावर मांडावी, आणि त्यांतून जाणारी इंग्रजी 'एस' या अक्षराच्या आकाराची वक्ररेषा एखाद्या सूत्राने व्यक्त करावी, ही फलवृद्धीच्या अभ्यासाची पद्धती आता सर्वपरिचित झाली आहे. उद्यानविद्या आणि संख्याशास्त्र या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी तिचा उपयोग करतात. दोन-चार सूत्रे एकाच सामग्रीला लावून पाहावयाची, ज्याचा निर्धारण गुणांक सर्वांत मोठा ते सूत्र 'उत्तम' ठरवावयाचे, आणि त्यावरून फळाच्या वाढीचा 'नियम' सांगावयाचा, असा या अभ्यासाचा एक साचा बनून गेला आहे. या साच्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर हाच वक्र भाषाशास्त्रातही वापरला जातो. भाषेतील जुने रूप मागे पडून नवे रूप रूढ होण्याची क्रिया बहुधा याच आकाराने घडते. दुसरे असे की, फळाच्या वाढीचे वर्णन आधी भाषेत झालेले असते आणि मागाहून आकड्यांत होते. आकड्यांत उतरताना त्या वर्णनातील काय गळून पडले, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

विवेचनासाठी एक निश्चित उदाहरण समोर असावे म्हणून बीड जिल्ह्यातील सीताफळ घेतले आहे. नारायणगड हे बीड तालुक्यातील नगद नारायण महाराजांचे स्थान. 'धाकटी पंढरी' म्हणून ते वारकऱ्यांना परिचित आहे. तेथून दक्षिणेस बालाघाटाच्या रांगा पसरल्या आहेत. या रांगांच्या मुरमाड उतारांवर सीताफळाची झाडे आपोआप उगवतात आणि अलीकडे त्यांच्या लावलेल्या बागाही दिसतात. अंबाजोगाई येथे या फळाचे संशोधन केंद्र असून 'धारूर-६' हा वाण तेथे निवडला गेला. २०१६ साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळाले. या फळाच्या वाढीचा अभ्यास हा तेव्हा केवळ प्रबंधाचा विषय राहत नाही. फळ केव्हा उतरवावे या व्यवहारातील प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. कोवळे उतरविलेले सीताफळ आढीत घातले तरी नीट पिकत नाही. झाडावर अधिक राहिले तर ते उलते आणि पाखरांच्या तोंडी जाते. योग्य वेळी उतरविलेले फळ तीन-चार दिवसांत मऊ होते आणि लगेच विकावे लागते. चुकीचा नियम सांगितला गेला तर त्याची किंमत अवर्षणाच्या प्रदेशातील बागाईतदार मोजतो.

२

प्रथम सूत्रांचा इतिहास थोडक्यात पाहू. बेंजामिन गोंपर्ट्झ याने १८२५ साली मांडलेले सूत्र मुळात मानवी मृत्युमानाचे होते. वेर्हुल्स्ट याने १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीसाठी जे सूत्र दिले त्यालाच पुढे त्याने 'लॉजिस्टिक' असे नाव ठेवले. बर्टलान्फी याने १९३८ साली प्राण्यांच्या शरीरवाढीचे सूत्र शरीर घडविणाऱ्या आणि शरीर झिजविणाऱ्या क्रियांच्या वजाबाकीतून सिद्ध केले. रिचर्ड्स याने १९५९ साली बर्टलान्फीचे सूत्र वनस्पतींसाठी व्यापक केले आणि तसे करताना त्यामागील शरीरक्रियेचा आधार सोडून दिला. आपले सूत्र 'अनुभवजन्य उपयोगासाठी' आहे असे त्याने लेखाच्या शीर्षकातच स्पष्ट केले होते. मृत्यू, लोकसंख्या, प्राणी असा प्रवास करीत ही सूत्रे फळापर्यंत आली आहेत. फळाचे निरीक्षण करून त्यांपैकी एकही जन्माला आले नाही.

उसने सूत्र वापरण्यात दोष नाही. दोष आहे तो ते उसने आहे हे विसरण्यात. रॉबर्टसन याने १९०८ साली असे प्रतिपादन केले की, सजीवांची वाढ लॉजिस्टिक सूत्राने होते. अर्थात तिच्या मुळाशी स्वतःच स्वतःला चालना देणारी एखादी रासायनिक क्रिया असली पाहिजे. वक्राच्या आकारावरून कारणाचे अनुमान करण्याचा हा नमुनेदार प्रयत्न होय. विल्यम फेलर या गणितज्ञाने १९४० साली या विचारसरणीतील उणीव उघड केली. लॉजिस्टिक ज्या सामग्रीला उत्तम जुळते असे म्हटले जाते, तिलाच सर्वस्वी वेगळ्या स्वरूपाची सूत्रेही तितकीच जुळतात, असे त्याने दाखविले. तात्पर्य, जुळणे हा पुरावा नव्हे. आरंभी हळू, मध्ये वेगाने आणि शेवटी पुन्हा हळू वाढणाऱ्या कोणत्याही राशीला तीन प्राचलांचे कोणतेही समंजस सूत्र जुळणारच. अशा सामग्रीत निर्धारण गुणांक शंभरात अठ्ठ्याण्णव आला याचा अर्थ इतकाच की, फळ लहानाचे मोठे झाले. आणि ते आपणास आधीच ठाऊक होते.

सूत्रांतील खरा भेद गुणांकात दिसत नाही. वाढीचा चढता वेग जेथून उतरू लागतो त्या वळणबिंदूच्या जागेत तो दिसतो. लॉजिस्टिकमध्ये हा बिंदू अंतिम आकाराच्या बरोबर निम्म्यावर येतो, तर गोंपर्ट्झच्या सूत्रात सुमारे ३७ टक्क्यांवर. म्हणजे यांपैकी एक सूत्र निवडले की वळणबिंदूची सापेक्ष जागाही निवडली जाते. ती सामग्रीने सांगितलेली नसते, अभ्यासकाने सामग्रीला सांगितलेली असते. मागाहून 'फळ निम्मे झाल्यावर वाढीचा वेग मंदावतो' असा निष्कर्ष काढणे म्हणजे आपलेच गृहीत आपल्याच हाती परत घेणे होय. रिचर्ड्सच्या सूत्रात चौथे प्राचल असल्यामुळे हा बिंदू मोकळा राहतो हे खरे. परंतु ते प्राचल इतर प्राचलांशी इतके गुंतलेले असते की थोड्या मापांवरून त्याचे मूल्य स्थिरपणे ठरत नाही. अंतिम आकाराचे प्राचलही असेच जपून वाचावे लागते. वाढ संपण्यापूर्वी फळे उतरविली गेली असतील तर त्या प्राचलाचे मूल्य हे न झालेल्या फळाचे माप ठरते.

३

याहून गंभीर प्रश्न मापे घेण्याच्या पद्धतीत आहेत. त्यांपैकी तीन येथे विचारात घेऊ.

पहिला प्रश्न सरासरीचा. प्रत्येक वेळी सर्व फळांच्या व्यासांची सरासरी काढून तिच्यातून वक्र नेण्याची प्रथा आहे. पण सरासरीचा वक्र हा कोणत्याही एका फळाचा वक्र नसतो. मार्गारेट मेरेल हिने १९३१ साली मुलांच्या व प्राण्यांच्या वाढीसंबंधी हा भेद सविस्तर मांडला आहे. प्रत्येक फळ आपापल्या वेळी जोमाने वाढत असेल आणि त्या वेळा भिन्न असतील, तर सरासरीच्या वक्रात तो जोम पसरून जातो. सर्व फळे सावकाश वाढली असे मग दिसते, वस्तुतः एकही फळ सावकाश वाढलेले नसते. सीताफळाच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण या झाडाचा फुलोरा उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात बराच काळ चालू राहतो. एकाच दिवशी एकाच झाडावर फूल, गोटीएवढे फळ आणि मुठीएवढे फळ अशी तिन्ही असू शकतात. त्यांची सरासरी काढून तिला एका तारखेचे फळ मानणे हे बालवाडीतील मुलांची आणि महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची उंची एकत्र करून 'विद्यार्थ्याची उंची' सांगण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न गळीचा. सीताफळात फलधारणा मुळातच कमी. फुलातील स्त्रीकेसर आधी आणि पुंकेसर मागाहून पक्व होतात. परागण मुख्यतः बारीक भुंगेऱ्यांवर अवलंबून असते. धरलेल्या फळांपैकीही काही गळतात, आणि काही वाढ खुंटून कडक व काळपट होऊन झाडालाच चिकटून राहतात. बहुधा लहान फळेच गळतात. आता असे समजा की, दहा फळे आहेत. सहांचा व्यास प्रत्येकी ४० मिलिमीटर आणि चारांचा २० मिलिमीटर. सरासरी ३२ आली. पंधरा दिवसांत ती चार गळाली आणि उरलेली सहा तसूभरही वाढली नाहीत. नवी सरासरी ४० येईल. आलेखावर आठ मिलिमीटरांची वाढ दिसेल, आणि ती एकाही फळाची नसेल. म्हणून गळालेल्या फळांची मापे शेवटपर्यंत स्वतंत्र ठेवली नाहीत, तर फळ वाढले की केवळ लहान फळे गळाली याचा निर्णय पुढे करता येत नाही.

तिसरा प्रश्न साक्षीदारांच्या संख्येचा. दहा झाडांवरील शंभर फळे आठ वेळा मोजली म्हणजे आठशे स्वतंत्र निरीक्षणे झाली असे धरून प्रमाण त्रुटी काढली जाते. एकाच फळाची आठ मापे परस्परांशी बांधलेली असतात आणि एका झाडाची दहा फळे एकाच मुळावर पोसलेली असतात. शेतावरील प्रयोगाचे एकक कोणते, हा प्रश्न भारतात नवा नाही. पानसे आणि सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांचा शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला, आणि पुढे अनेक पिढ्यांनी प्रयोगाची आखणी त्यावरून शिकली. सी. आर. राव यांनी १९५८ साली वृद्धिवक्रांच्या तुलनेची जी रीत दिली तिचा गाभाही हाच आहे : आधी प्रत्येक व्यक्तीची वाढ तिच्या स्वतःच्या मापांवरून संक्षेपाने व्यक्त करावी, आणि मग व्यक्तींची तुलना करावी. १९८० नंतर प्रचारात आलेल्या मिश्र परिणामांच्या प्रतिमानांनी हेच सूत्ररूपाने शक्य केले आहे. प्रत्येक फळाला त्याचे अंतिम मान आणि त्याचा वेग वेगळा द्यावयाचा, आणि झाडाझाडांतील व फळाफळांतील भेद किती हेही मोजावयाचे, अशी ही योजना आहे.

सीताफळात ही योजना केवळ तांत्रिक सोय नाही. सीताफळ हे एका फुलातील अनेक स्त्रीकेसर एकत्र जुळून झालेले संघफळ आहे. सालीवरचा प्रत्येक 'डोळा' हा एका स्त्रीकेसराचा भाग. जेवढ्यांत बी धरले तेवढे भाग भरतात, न धरलेल्या बाजूस फळ दबलेले, वेडेवाकडे राहते. अर्थात फळाचे अंतिम मान बऱ्याच अंशी परागणाच्या दिवशीच ठरून जाते. मग सर्व फळांना एकच अंतिम मान देणारे सूत्र या फळाच्या घडणीशीच विसंगत आहे.

४

आता ज्या प्रश्नावर मतभेदाला खरी जागा आहे त्याकडे वळू. कॉनर्स याने १९१९ साली पीचच्या फळाची वाढ मोजली तेव्हा असे आढळले की, ती दोन टप्प्यांनी होते. मध्ये एक मंद अवस्था असते आणि याच काळात आतील कठीण कवच घट्ट होते. तेव्हापासून फळांची 'एकेरी वक्राची' आणि 'दुहेरी वक्राची' अशी वाटणी रूढ झाली. सीताफळ कोणत्या वर्गात घालावे? याचे बी टणक असते; तेव्हा बी घट्ट होण्याच्या काळात गराची वाढ मंदावावी हा तर्क सयुक्तिक आहे. परंतु बालाघाटावर दुसरे कारणही तितकेच संभवनीय आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथे पावसाळ्याच्या मध्यावर दीर्घ उघडीप पडते. कोरडवाहू झाडाचे फळ त्या काळात थांबेल, आणि उत्तरा किंवा हस्ताच्या पावसावर पुन्हा भरू लागेल. आलेखावर हाही दुहेरी वक्रच दिसेल.

पहिले कारण फळाच्या अंगचे, दुसरे आभाळातले. सूत्र मात्र दोहोंना सारखेच जुळेल. कोणतेही गुणांक येथे निवाडा करणार नाहीत. निवाडा होईल तो निरीक्षणाच्या आखणीने. निरनिराळ्या पंधरवड्यांत उमललेल्या फुलांना निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधावे आणि प्रत्येक रंगाच्या फळांचा वक्र स्वतंत्र काढावा. मंद अवस्था सर्व रंगांत एकाच वयाला आली, तर तिचे कारण फळात आहे. ती सर्व रंगांत एकाच तारखेला आली, तर कारण पावसात आहे. शेजारी पाणी दिलेली काही झाडे ठेवल्यास निर्णय अधिक पक्का होईल. ही परीक्षा फारशी खर्चिक नाही. पण तिच्यात अभ्यासकाचे मत खोटे ठरण्याची शक्यता आहे, आणि तीच तिची किंमत होय.

भाषाशास्त्रात या वक्राचा जो सर्वांत फलदायी उपयोग झाला तोही याच मार्गाने झाला. अँथनी क्रॉक याने १९८९ साली इंग्रजीतील एका साहाय्यक क्रियापदाच्या प्रसाराला लॉजिस्टिक सूत्र लावले. ते जुळले यात विशेष काही नव्हते. विशेष होते ते त्याचे विधान : प्रश्नार्थक, नकारार्थी इत्यादी निरनिराळ्या वाक्यरचनांत बदलाचा आरंभ पुढेमागे असला तरी त्याचा वेग सर्वत्र एकच असला पाहिजे. हे विधान सामग्रीने खोडता आले असते. वक्राच्या प्राचलाला असा अर्थ आला की मगच तो ज्ञानाचे साधन बनतो, एरवी तो सुबक रेखाटनच राहतो.

५

अखेरीस शब्दांचा प्रश्न. फळाविषयी मराठीत जी क्रियापदे आहेत ती पाहावीत : धरणे, वाढणे, पोसणे, भरणे, पाडाला येणे, पिकणे, उलणे. यांतील 'वाढणे' हे काळात पसरणारे क्रियापद आहे. 'फळ तीन आठवडे वाढत होते' असे आपण म्हणतो. 'पिकणे' तसे नाही. 'फळ तीन दिवसांत पिकले' असे म्हणतो, आणि त्यानंतर ती क्रिया संपलेली असते. झेनो व्हेंडलर याने १९५७ साली क्रियापदांच्या कालस्वरूपाचे जे वर्गीकरण केले त्यात हा भेद मूलभूत मानला आहे : काही क्रिया चालू राहतात, काही एका टोकाला पोचून पूर्ण होतात. वृद्धिवक्र हा केवळ 'वाढणे' या पहिल्या जातीच्या क्रियापदाचा अनुवाद आहे. 'पाडाला येणे' याचा अनुवाद त्यात नाही आणि होऊही शकत नाही, कारण वक्रावर असा कोणताही बिंदू नाही की जेथे फळ एका अवस्थेतून दुसरीत जाते. वक्र अंतिम मानाच्या जवळ जवळ जातो आणि कधीच पोचत नाही. फळ मात्र पोचते.

म्हणून वक्रावरून तोडणीची तारीख काढणे ही केवळ हिशेबातील चूक नाही. एका जातीच्या क्रियेच्या मापावरून दुसऱ्या जातीच्या क्रियेविषयी बोलण्याचा तो प्रमाद आहे. सीताफळ उतरविणारा माणूस फळाचा व्यास पाहत नाही. तो 'डोळे उघडले' का ते पाहतो : दोन डोळ्यांमधील खाचा रुंदावून तेथे पिवळसर झाक आली का, ते पाहतो. लहान फळाचे डोळे उघडलेले असू शकतात आणि मोठ्याचे मिटलेले. त्याची कालगणनाही पाहण्यासारखी आहे. तो मृग, मघा, उत्तरा, हस्त अशा नक्षत्रांनी काळ सांगतो. सूर्यनक्षत्र सुमारे साडेतेरा दिवसांचे. म्हणजे आपल्या पंधरा दिवसांच्या मापनाएवढेच. पण या नावांना पावसाची आठवण चिकटलेली आहे आणि आपल्या 'दिवस' या एककातून ती पुसली गेली आहे.

लोकभाषा जे सांगते ते सर्व खरे, असा याचा अर्थ मुळीच नाही. 'डोळे उघडले' या वर्णनाची सीमा गावोगाव आणि माणसागणिक बदलत असेल. ती किती बदलते हे तपासलेच पाहिजे. दोन अनुभवी माणसांना तीच फळे स्वतंत्रपणे दाखवावी आणि त्यांचे एकमत योगायोगाहून किती अधिक आहे ते पाहावे. कोहेन याने १९६० साली त्यासाठी गुणांक दिलेला आहे. शब्द या कसोटीला उतरला, तर प्रत्येक भेटीत व्यासाबरोबर फळाची अवस्थाही नोंदवावी : डोळे मिटलेले, उघडू लागलेले, उघडलेले. अशा क्रमवार अवस्थांचे विश्लेषण करण्याची साधने १९८० मध्ये मॅकक्युला याने मांडलेल्या पद्धतीपासून उपलब्ध आहेत. एका फळाच्या दोन नोंदी मग शेजारी उभ्या राहतील, एक आकाराची आणि एक अवस्थेची. त्या दोहोंत संबंध किती, हाच खरा संशोधनाचा प्रश्न ठरेल. संबंध घट्ट निघाला तर व्यासावरून तोडणी ठरविण्यास आधार मिळेल. सैल निघाला तर तोही निष्कर्षच होय, आणि बागाईतदाराच्या दृष्टीने कदाचित अधिक मोलाचा.

येणेप्रमाणे या चिकित्सेचे फलित सांगता येते. वृद्धिवक्र टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. तो प्रत्येक फळाचा स्वतंत्र असावा; गळालेल्या फळांचा हिशेब त्यात असावा; त्याच्या प्राचलांविषयी खोडता येईल असे काही विधान आधी केलेले असावे; आणि त्याने 'वाढणे' या क्रियापदाच्या मर्यादेबाहेर बोलू नये. आपल्या विद्यार्थ्यांनी सूत्रांची संख्या वाढविण्याऐवजी एका पावसाळ्यात बालाघाटाच्या उतारावर काही फुलांना रंगीत दोरे बांधले, तर सीताफळाच्या वाढीविषयी आज वादाचा असलेला एक प्रश्न निदान सुटण्याच्या वाटेला लागेल.